हनोईचे फोटो आणि काकूंचे प्रश्न

मृणाल (सी-४०२): नमस्कार मंडळी 🙏 काल रात्री व्हिएतनाममधल्या हनोईहून परत आलो. आठ दिवस मांजर सांभाळल्याबद्दल देशपांडे काकूंचे मनापासून आभार. फोटो टाकलेत.

देशपांडे काकू (ए-१०१): आभार कसले गं. तो कावडवाल्या बाईचा फोटो फार आवडला. काय विकते ती?

मृणाल: काकू, मलाही बघताक्षणी कावडच आठवली! एका टोपलीत पातेलं, दुसरीत वाट्या, पाण्याची बादली आणि बसायला चार बुटकी स्टुलं. अख्खं दुकान खांद्यावर. पातेल्यात 'ताओ फो', म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं लुसलुशीत दही. पसरट चमच्याने ती पापुद्र्यासारखे पातळ काप काढून वाटीत सरकवत होती, वरून मोगऱ्याच्या वासाचा साखरेचा पाक. आमचं खाऊन झाल्यावर वाट्या विसळल्या, कावड उचलली आणि चार पावलांवर, न थांबता, बांबू मानेमागून या खांद्यावरचा त्या खांद्यावर घेतला. साठी नक्की उलटलेली. खांद्यावर घट्टा पडलाय. तेवढं डोळ्यांसमोरून जात नाहीये.

सावंत (बी-२०३): स्कूटरचा व्हिडिओ बघून धडकी भरली. रस्ता ओलांडता कसा?

मृणाल: पहिल्या दिवशी दहा मिनिटं कडेलाच उभी होते. शेवटी एका आजोबांनी खूण करून बरोबर नेलं. सावकाश, एकाच चालीने चालत राहायचं. मध्येच थबकायचं नाही, मागे फिरायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने निघून जातात. बस किंवा मोटार आली तर मात्र तिला जाऊ द्यायचं.

तन्मय (ए-३०४): ताई, सगळ्या पाट्यांवर 'हांग' का?

मृणाल: छान पकडलंस! जुन्या शहराला '३६ गल्ल्या' म्हणतात आणि हांग म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग मा पूर्वजांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंची, हांग थिएक पत्र्याची. या शेवटच्या गल्लीत आजही पत्रा ठोकतात. ती ठकठक ऐकून मी थेट पुण्याच्या तांबट आळीत जाऊन पोचले.

सावंत: सगळं खरं, पण फोटोत फुटपाथ पूर्ण अडवलाय. इथे कुणी असं बसलं तर आपणच तक्रार करू.

मृणाल: काका, बरोबर आहे तुमचं. आम्हीही बऱ्याचदा रस्त्यावरूनच चाललो. तिथे २०१७ मध्ये फुटपाथ मोकळे करायची मोठी मोहीम झाली होती, तरी स्टुलं परत आलीच. कारण घरं बघा ना: तोंड अरुंद आणि आत बोळासारखी लांबच लांब. पुढे दुकान. मग आजी भाजी निवडायला बाहेर, आजोबा पट मांडायला बाहेर, नातवंडं त्यांच्या पायाशी. पहाटे पाचला होआन कीएम तळ्याकाठी निम्मं गाव व्यायामाला. आठ दिवसांत एकही म्हातारं माणूस मला एकटं बसलेलं दिसलं नाही. मला फुटपाथ अडल्याचा राग आलाच नाही, खरं सांगते.

देशपांडे काकू: हे वाचून बरं वाटलं गं. आमच्यासारख्या शाकाहारी माणसांचे हाल होतात का?

मृणाल: अजिबात नाही. पाटीवर 'चाय' दिसलं की बिनधास्त आत जा. चाय म्हणजे शाकाहारी! साध्या टपरीवर मात्र विचारूनच घ्या, भाजीतसुद्धा 'नुओक माम' म्हणजे माशांचं सॉस असतं. आणि अंड्याची कॉफी बघून नाक मुरडू नका हं, चालत असेल तर. १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई होती म्हणून एका हॉटेलातल्या माणसाने अंड्याचा बलक फेटून घातला. अगदी श्रीखंडासारखी साय लागते.

देशपांडे काकू: अंडं नको बाई. पण ते सोयाबीनचं दही खाईन. फक्त एवढ्या बुटक्या स्टुलावर माझे गुडघे वाकायचे नाहीत.

मृणाल: माझ्या सासूबाईंचंही तेच! त्या घुटमळल्या तशी चहावालीने काही न विचारता दोन स्टुलं एकात एक घातली आणि हाताला धरून त्यांना बसवलं. थांबा, तो फोटो पाठवते.