बर्लिनमध्ये अस्सल जर्मन जेवण: आहे की नाही?

श्प्रेकाठचा

परवा एका म्युनिकवासी ताईंनी फर्मान काढलं: "बर्लिनला जर्मन हॉटेल शोधत बसू नका. तिथे डोनर कबाब, फलाफेल आणि व्हिएतनामी सूप. जर्मन जेवायचं तर बायर्नला (बव्हेरियाला) या." त्यावर पन्नास जणांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

बायर्न म्हणजे जर्मनी हे कुणी ठरवलं? भाजलेली हाक्से (डुकराची तंगडी), प्रेट्झेल, लेडरहोजे (चामडी चड्डी) घातलेला वेटर हा सगळा बायरिश मामला. दिल्लीहून आलेला पाहुणा पुण्यात छोले-भटुरे शोधतो आणि "इथे भारतीय जेवण मिळत नाही" म्हणतो, त्यातला प्रकार. बर्लिनचं आइसबाइन म्हणजे तीच तंगडी, पण भाजत नाहीत. खारवून उकडतात. वर कुरकुरीत साल नाही, काही नाही. गुलाबी, थुलथुलीत गोळा, खाली आंबट कोबी, बाजूला पिवळ्या वाटाण्याचा घट्ट लगदा. दिसायला इतकं केविलवाणं की कुणी फोटो टाकत नाही. मग तुमच्या मोबाईलवर ते हॉटेल वर येणार कसं?

आणि क्योनिग्सबर्गर क्लोप्से. ते क्योनिग्सबर्ग शहर आज कालिनिनग्राड, रशियात. केपर्सच्या (खारवलेल्या आंबट कळ्यांच्या) पांढऱ्या सॉसमधले मांसाचे गोळे मात्र बर्लिनच्या कॅन्टीनमध्ये अजून मिळतात.

मुळात तुम्ही चुकीच्या वेळी शोधता. इथल्या जुन्या माणसांचं गरम जेवण दुपारी, रात्री पाव आणि चीज. खाटकाच्या दुकानात काचेमागे तीन गरम ट्रे असतात, दारात खडूने लिहिलेला मिटागस्टिशचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा, फळा असतो. दोन-अडीचला सगळं संपतं. रात्री साडेसातला 'जर्मन रेस्टॉरंट' असं टाइप केलंत की पर्यटकांचीच हॉटेलं दिसणार.

म्युनिकवाली

मीच ती ताई. नमस्कार.

उकडलेल्या डुकराचं एवढं रसभरीत वर्णन मी पहिल्यांदाच वाचलं. पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे हे लक्षात आलं का? खाटकाच्या दुकानात, उभ्याने, अडीचच्या आत. याला हॉटेल म्हणतात? आमच्याकडे गावागावात विर्ट्सहाउस (खानावळ आणि बिअरचा अड्डा) आहे आणि तिथे गावचीच माणसं बसतात. श्टामटिशवरच्या, म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकांच्या राखीव टेबलावरच्या, आजोबांच्या खुर्चीत चुकून बसून दाखवा.

तुमचं सगळ्यात प्रसिद्ध हॉटेल 'त्सुर लेट्झ्टन इन्स्टान्झ' पाटीवर १६२१ मिरवतं. इमारत युद्धात पडली, साठच्या दशकात नव्याने बांधली. हे अस्सल?

श्प्रेकाठचा

म्युनिकवर काय फुलं पडली होती? तुमचं बिअरचं हॉफब्रॉयहाउससुद्धा युद्धात पडलं, पूर्ण उभं राहायला १९५८ उजाडलं. इमारत नवी म्हणून आइसबाइन खोटं ठरत असेल तर मग बोलणंच खुंटलं. शेजारी कोर्ट, म्हणून तिथल्या मेन्यूत आइसबाइनचं नाव 'साक्षीदाराची जबानी'. असा मिश्कीलपणा तुमच्या पितळी बँडच्या हॉलात दाखवा.

नॉयकोल्नकर

दोघेही भांडताय पण डोनरला हाड-हाड करण्यावर तुमचं एकमत. वा! पावात घालून हातात देण्याचा हा प्रकार सत्तरच्या दशकात बर्लिनच्या तुर्की कामगारांनी वाढवला. तुर्कस्तानातल्या एका संघटनेने डोनरची कृती युरोपियन युनियनकडे नोंदवायला अर्ज केला, तेव्हा २०२४ मध्ये हरकत कुणी घेतली? जर्मनीने. २०२५ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला. सरकार डोनरसाठी भांडलं आणि मराठी माणूस म्हणतोय की ते जर्मन नाही!

तुमच्या लाडक्या बुलेटे, म्हणजे खिम्याच्या टिक्क्या, त्याही ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, निर्वासितांनी आणल्या असं बर्लिनकरच सांगतात. तीनशे वर्षांनी डोनरही 'पारंपरिक' होईल, तेव्हा बोलू.

शाकाहारी_पामर

अस्सल-नकली तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, आईबाबांना न्यायचं कुठे? गेल्या उन्हाळ्यात नेलं होतं. "मांस नको" असं तीनदा सांगून ब्राटकार्टोफेल्न (परतलेले बटाटे) मागवले. आले तर त्यात श्पेकचे, म्हणजे डुकराच्या चरबीचे, तुकडे. वेटर म्हणाली, "हे तर जरासंच आहे, चवीपुरतं." आई बाजूचा कोरडा पाव खात बसली. वर पाऊण लिटर पाण्याचे जवळजवळ सात युरो! नळाचं मागितलं तर "आम्ही देत नाही." आपल्याकडे टपरीवरसुद्धा आधी पाण्याचा ग्लास आदळतात.

कोल्हापुरी_फाकडा

पाण्याचं तर बोलूच नका राव. फ्रान्समध्ये मुकाट्याने जग आणून ठेवतात. इथं बिअर स्वस्त आणि पाणी महाग. ह्यो कुठला न्याय?

म्युनिकवाली

कायदा वाचा. गास्टश्टेटनगेझेट्झच्या (हॉटेलांच्या कायद्याच्या) ६व्या कलमानुसार किमान एक बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग ठेवता येत नाही. लिटरमागे हिशोब करतात.

कोल्हापुरी_फाकडा

किमान एक! म्हणजे सफरचंदाचा रस स्वस्त ठेवला की पाण्याला मोकळं रान. कायद्याचं कौतुक तुम्हाला, तहान आम्हाला.

हिशोबी

हॉटेलवाल्याची बाजू कुणी घेणार का? २०२४ आणि २०२५ मध्ये जेवणावरचा कर ७ ऐवजी १९ टक्के होता. भाडं, वीज, पगार. ताटावर काही उरत नाही, पेयांवर उरतं. फुकट पाणी हवं असेल तर घरी जेवा.

शाकाहारी_पामर

घरीच जेवतो. म्हणूनच तर जर्मन जेवण माहीत नाही. धन्यवाद.

कोल्हापुरी_फाकडा

हिशोबी साहेब, तुमचं हॉटेल आहे का? नसेल तर मालकाचा पुळका कशाला? माझ्या मित्राने वीनर श्निट्झेल (पावाच्या चुऱ्यात तळलेला मांसाचा काप) मागवलं, चिकन समजून. अर्धं संपल्यावर कळलं वासराचं आहे. पोरगं रडायचं बाकी होतं. त्यावर पाण्याचं बिल वेगळं.

हिशोबी

माझं हॉटेल नाही, मी हिशोब लिहितो हॉटेलांचे. आणि जर्मनीत नुसतं 'वीनर श्निट्झेल' लिहिलं की ते वासराचंच असावं लागतं, डुकराचं असेल तर 'वीनर आर्ट', म्हणजे वीनर पद्धतीचं. चिकन कुठेच नव्हतं. मित्राने मेन्यू वाचला नाही, यात पाण्याचा काय दोष?

श्प्रेकाठचा

पाणी बास! नाहीतर वेगळा धागा काढा.

पामर, आईबाबांना पेलकार्टोफेल्न मिट क्वार्क द्या. बर्लिनच्या आग्नेयेला श्प्रेवाल्ड, लाउझिट्झकडचा साधा पदार्थ: सालासकट उकडलेले बटाटे, ज्या क्वार्कचं आपण सगळे श्रीखंड करतो तो क्वार्क, वर जवसाचं तेल. तेल ताजं हवं, जुनं कडू लागतं. आई जवसाची चटणी करत असतील तर वासानेच ओळखतील. अंडं चालत असेल तर मोहरीच्या सॉसमधली अंडी, झेन्फआयर. दोन्ही कॅन्टीनचे पदार्थ, दोन्ही पर्यटकांच्या मेन्यूत दिसत नाहीत. सांगताना "मांस नको" म्हणू नका, "ओने श्पेक" (श्पेकशिवाय) म्हणा. कित्येकांच्या लेखी श्पेक मांसात मोडतच नाही.

म्युनिकवाली

बटाटे आणि दही खायला बर्लिनला जायचं. ठीक आहे, जवसाचं तेल मलाही माहीत नव्हतं, एवढं एक तुमच्या खात्यात. पण पामर, केझेश्पेट्झले विसरलात! चीज घातलेल्या, अंड्याच्या पिठाच्या शेवया. अंडं चालत असेल तर शाकाहारी आणि पोटभर.

शाकाहारी_पामर

त्यातसुद्धा एकदा श्पेक आला होता.

नॉयकोल्नकर

मे-जूनमध्ये येत असतील तर श्पार्गल, म्हणजे पांढरा अ‍ॅस्परॅगस. बर्लिनजवळच्या बेलिट्झचा, बटाटे आणि हॉलंडेझ (अंडं-लोण्याचं सॉस) घेऊन, हॅम नको म्हणायचं. २४ जूनला हंगाम संपतो, त्याआधी या.

म्युनिकवाली

बेलिट्झ? वाळूत उगवलेलं काहीही श्पार्गल म्हणून विकतात वाटतं. आमच्या बायर्नमधल्या श्रोबेनहाउझेनचा खाल्लाय का कधी?

श्प्रेकाठचा

श्रोबेनहाउझेनची जमीनही वाळूचीच आहे ताई. बसा आता.

कोल्हापुरी_फाकडा

पण श्पार्गल उकडलेलं पाणी तरी फुकट देतात का?