मंडळाचा पर्जन्यमापक आणि माझ्या शिवारातला पाऊस

परतूरचे शेतकरी: काल येथे एका सदस्याने लिहिले की, हवामान खाते दर वर्षी ‘सरासरीइतका पाऊस’ सांगते, मराठवाड्यात वेगळेच घडते, म्हणून हा खर्चच बंद करावा. हे वाचून राहवले नाही. तो अंदाज देशाचा असतो. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी 87 सेंटिमीटर असून तिच्या 96 ते 104 टक्के पावसाला ‘सरासरीइतका’ म्हणतात. त्यावरून आपण आपल्या शिवारातली पेरणी ठरवली, तर चूक आपली. पेरणीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला आहे: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.

मूळ लेखक, माजलगाव: दादा, सल्ला आम्हीही वाचतो; पण ते 75 मिलिमीटर मोजायचे कुठे? आमच्या महसूल मंडळाचे पाऊस मोजणारे स्वयंचलित केंद्र माझ्या शेतापासून अकरा किलोमीटरवर, एका भिंतीला लागून उभे आहे. गेल्या सप्टेंबरात माझे सोयाबीन दोन दिवस पाण्याखाली होते आणि केंद्राची नोंद आली 58. भरपाईसाठी अतिवृष्टी धरायला 24 तासांत 65 मिलिमीटर लागतात. पंचनाम्याला कुणी फिरकले नाही.

निवृत्त निरीक्षक, बीड: मी अनेक वर्षे सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजले आहे, म्हणून सांगतो. पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो. पहाटे सुरू झालेली झड दुपारपर्यंत चालली, तर तीच झड दोन तारखांत विभागली जाते. तुमचे 58 तसेही झाले असेल.

मूळ लेखक: ‘असेल’ म्हणू नका, काका. पीक कुजले ते तारखा पाहून कुजले नाही. एकाच पावसाचे दोन तुकडे करून दोन्ही दिवशी शेतकऱ्याला अपात्र ठरवणारी मोजणी मला समजावून सांगू नका.

भूगोल शिक्षिका, नांदेड: गावोगावी केंद्र उभारणे अवघड आहे, हेही ध्यानात घ्या. मधली जागा रडार भरून काढते, पण ते जवळ हवे. अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण पृथ्वीच्या वक्रतेमुळे अडीचशे किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे सहा किलोमीटर उंच गेलेला असतो, म्हणजे खालचा पाऊस त्याला दिसत नाही; आणि बीड मुंबईपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटर आहे. उपग्रहाला प्रामुख्याने ढगांचा माथा दिसतो. मे 2025 पासून सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी भारत पूर्वानुमान प्रणाली सुरू झाली, तरी तिची सुरुवात प्रत्यक्ष नोंदींवरूनच होते. म्हणजे भिंतीआडचा पर्जन्यमापक केवळ भरपाईचा प्रश्न नाही.

परतूरचे शेतकरी: केंद्राच्या जागेबद्दल तुमचे खरे आहे, एवढे मान्य करतो. पण मग मोजणी वाढवा म्हणा. खर्च बंद करा हे वाक्य मागे घ्या.

मूळ लेखक: ते वाक्य मागे घेतो. बाकी एक अक्षरही नाही.

निवृत्त निरीक्षक, बीड: मघाशी मी घाई केली. अडथळा जेवढा उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावा, असा नियम आहे. भिंतीची उंची किती?

मूळ लेखक: बारा फूट. अंतर पाच फूटही नाही.

निवृत्त निरीक्षक, बीड: मग टेप लावून छायाचित्रे काढा, त्या दोन दिवसांची तासातासाची नोंद लेखी मागा आणि दोन्ही भरपाईच्या अर्जाला जोडा. मसुदा मी लिहून देतो.