ठोके मोजून मिळतात म्हणून धावायचं नाही?

उपवन_पहाटे:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, 'हृदयाचे ठोके देवाने मोजून दिलेत, धावून संपवू नका.' खाली हात जोडलेल्यांची रांग. शांत बसवेना, म्हणून इथे लिहितोय.
न धावणाऱ्याचे ठोके मिनिटाला ७५ धरा, दिवसाचे १,०८,००० झाले. नियमित धावणाऱ्याचे विश्रांतीत ५५. तो तासभर १५० च्या ठोक्यांवर पळाला तरी बेरीज ८४,९०० च. सरावाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून कमी ठोक्यांत भागतं. ब्रिटिश डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी १९५३ सालीच दाखवलं होतं की लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो.

नौपाडा_जुना:
माझा मेहुणा पाम बीच रोडला पळता पळता कोसळला. चव्वेचाळीस वय, सुपारीचंही व्यसन नाही. ही बेरीज माझ्या बहिणीला ऐकवा. आणि मॉरिस अर्धेच सांगितलेत. त्यांनीच १९५६ साली गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या पँटी नोकरीला लागतानाच कमरेला मोठ्या होत्या. माणसंच मुळात वेगळी. कन्नड नट पुनीत राजकुमार २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी गेले, त्यांच्या व्यायामात काय कमी होतं?

स्नेहल_कॅथलॅब:
मेहुण्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण पस्तिशीनंतर पळताना कोसळतात त्यांच्यात बहुतेकदा धमनीतला अडथळा आधीपासून असतो, धावण्याने तो उघडा पडतो. तरुण खेळाडूंचं वेगळं, तिथे हृदयाचा स्नायू जाड होण्यासारखे जन्मजात दोष निघतात. अमेरिकेत २००० ते २०१० मध्ये मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन मिळून १ कोटी ९ लाख धावपटूंमागे ५९ जणांचं हृदय बंद पडलं. तिथलाच १९९३ चा अभ्यास आहे: जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका एरवी बसून असणाऱ्याला शंभरपट, आठवड्याला पाचदा व्यायाम करणाऱ्याला अडीचपटही नाही.
मला चीड येते ती लपवण्याची. चढावर छाती भरून येते, डावा हात जड होतो आणि माणूस ॲसिडिटीची गोळी घेऊन येऊरच्या डोंगरात पळायला जातो.

नौपाडा_जुना:
मग मीही तेच म्हणतोय की! ठाण्याची वर्षा मॅरेथॉन जवळ आली की चाळिशीचे लोक बूट घेतात आणि थेट २१ किलोमीटरला नाव देतात. ईसीजी नाही, स्ट्रेस टेस्ट नाही. आणि वर्षानुवर्षं दमसासाचे खेळ खेळणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, जास्त सापडतं, तेही लिहा ना.

उपवन_पहाटे:
लिहितो, खरं आहे ते. पण तो त्रास अर्धं आयुष्य शर्यतींत घालवलेल्यांचा. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघतात, त्यांना ती भीती घालू नका.

कासारवडवली_बी_विंग:
पळा नाहीतर बसा, कोसळलात तर ॲम्ब्युलन्स घोडबंदरला अडकणारच. १२ जून २०२१ ला डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानात पडला. तिथेच सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, तिथेच हृदयाला विजेचा शॉक. पुढच्या वर्षी परत खेळत होता. शॉकवाचून दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. आमच्या जिमला नवी ट्रेडमिल आली, एईडी, म्हणजे तो शॉक देणारं यंत्र, मागितलं तर कमिटी म्हणते 'वापरणार कोण?'

सेक्रेटरी_मानपाडा:
कमिटीला झोडपायला काय जातं? यंत्र घ्यायचं, मग त्याची बॅटरी, पॅडची मुदत. मेंटेनन्स थकवणारे हेच प्रश्न विचारायला पुढे. आणि शिकवायचं कुणाला, वॉचमन चार महिने टिकत नाही.

कासारवडवली_बी_विंग:
गेटवरच्या कमानीला बरे पैसे निघतात. ते यंत्र बोलून सांगतं काय करायचं ते, गरज नसेल तर शॉक देतच नाही.

सेक्रेटरी_मानपाडा:
कमान कमिटी नाही, जनरल बॉडी मंजूर करते. सभेला या, ठराव मांडा. रविवारी दहाला किती जण येतात ते मी वर्षानुवर्षं बघतोय. आलात आणि हात वर केलेत तर सही मी करतो.

स्नेहल_कॅथलॅब:
वॉचमन बदलतो, तर रहिवाशांनी शिकावं. छातीच्या मधोमध, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, यंत्र येईपर्यंत थांबायचं नाही. बरगडी मोडेल म्हणून हात आखडणारे नातेवाईक मी ऐकलेत. मोडू दे.

नौपाडा_जुना:
हे शिकेन. बहिणीलाही आणेन. पळणार मात्र नाही, तलावपाळीला चालणं मला पुरे.

उपवन_पहाटे:
पुरेल, पण रमतगमत नको. बोलता येईल आणि गाता येणार नाही इतकं भरभर, आठवड्याला निदान १५० मिनिटं.

नौपाडा_जुना:
भरभर चालायला संध्याकाळी तिथे जागा ठेवलीय का? गाड्या, स्कूटर, सेल्फीवाले. आधी फुटपाथ मोकळा करून मागा, मग मिनिटं मोजा. त्या अर्जावर पहिली सही माझी.