वाइल्डला खेळाडूंनी बुडवलं? साफ खोटं

सेंटपॉलकर:
आपली मिनेसोटा वाइल्ड ही अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमधली टीम. तिच्या स्टार काप्रिझोव्हच्या नव्या करारावर काल 'निळीरेष' यांनी लिहिलं होतं, "काप्रिझोव्हला ८ वर्षांचे १३ कोटी ६० लाख डॉलर! पारिझे-सूटरनं टीमला लुटलं, आता हा लुटणार. खेळाडू हावरट, भोगायचं आपण." तिथं दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

४ जुलै २०१२ ला पारिझे आणि सूटर या दोघा खेळाडूंना प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाख डॉलरचे करार मिळाले. वर्षवार पगार बघा. पहिली दोन वर्षं १ कोटी २० लाख, शेवटची तीन २० लाख, १० लाख आणि १० लाख. चाळिशीला टेकलेला माणूस त्या पैशांसाठी गुडघे फोडून घ्यायला येणार होता का? ती तीन वर्षं खेळायची नव्हतीच. टीमच्या एकूण पगाराला लीगची मर्यादा असते, तीच कॅप. एका खेळाडूचा त्यातला वाटा, म्हणजे कॅप हिट, करारातल्या पगाराच्या सरासरीनं धरतात, म्हणून मागे कमी पगाराच्या वर्षांचं शेपूट लावलं. १३ नी भागलं की वर्षाला ७५ लाख. शेपूट कापा, १० वर्षांचे ९ कोटी ४० लाख उरतात, म्हणजे वर्षाला ९४ लाख. एकेका खेळाडूमागे दरसाल १८-१९ लाखांची जागा क्लबनं मोकळी करून घेतली.

पुढचं ऐका. सह्यांनंतर तीन महिनेही झाले नव्हते, मालकांनी लीगला कुलूप ठोकलं. आपले मालक लिपोल्ड वाटाघाटींच्या समितीत होते. जानेवारी २०१३ च्या समझोत्यात करारांना ८ वर्षांची मर्यादा आली आणि रिकॅप्चरचा दंड (खेळाडू करार संपायच्या आधी निवृत्त झाला तर क्लबनं वाचवलेली कॅप परत वसूल) जुन्या करारांनाही लावला. ज्या मालकांनी शेपटं लावली, त्यांच्याच लीगनं ती कापली. यात खेळाडूंनी काय लुटलं?

निळीरेष:
सही एकट्या मालकाची होती का? एजंटांना शेपूट दिसत नव्हतं? तुम्ही आकडे मांडलेत, आता माझे घ्या. जुलै २०२१ मध्ये दोघांचं बायआउट झालं, म्हणजे उरलेल्या पगाराचा काही भाग देऊन क्लबनं करार मोडले. २०२३-२४ ला डेड कॅप, म्हणजे टीम सोडून गेलेल्यांपायी अडकलेली जागा, १ कोटी ४७ लाख, एकूण कॅप ८ कोटी ३५ लाख. बाकीच्या टीम पूर्ण ताटावर जेवत होत्या, आपण अर्धपोटी. त्या वर्षी प्लेऑफही (सीझननंतरची बाद फेरी) हुकलं. आणि फियाला! गोल आणि पास मिळून ८५ पॉइंट केलेल्या पोराला २०२२ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसला देऊन टाकावं लागलं. माझ्या मुलाला मी त्याच मे महिन्यात २२ नंबरची जर्सी घेतली होती. तो ती घालून झोपायचा. ट्रेड झाला त्या दिवशी त्यानं ती घडी करून माझ्या कपाटात ठेवली, एक शब्द बोलला नाही. मला कॅपचं गणित शिकवू नका.

पहाटेचीरिंक:
जर्सीचं वाचून वाईट वाटलं दादा. पण फियालाच्या बदल्यात ब्रॉक फेबर आला हेही सांगा. इथल्याच, मिनेसोटातल्या मेपल ग्रोव्हचा पोरगा, आज आपल्या डिफेन्सचा कणा. माझी लेक पहाटे पाचला रिंकवर जाते ती त्याचं स्केटिंग बघून. आणि डेड कॅपच्या दुसऱ्या वर्षी, १ कोटी २७ लाख बुडीत असताना, टीमनं लीगच्या गुणतक्त्यात १०३ पॉइंट काढले होते.

निळीरेष:
फेबर चांगला आहे, ते नाकारत नाही. पण २०१५ नंतर २०२५ पर्यंत एकही प्लेऑफ सिरीज जिंकलो नाही, हे पण लिहा.

थंडगार:
सेंटपॉलकर, या खेळाडूंची कड घेताना २००४-०५ विसरलात का? पैशांसाठी संप करून अख्खा सीझन घालवला त्यांनी.

तिसरीपाळी:
थांबा. संप नव्हता तो. टाळेबंदी होती. कामगार काम थांबवतो तो संप, मालक दार लावतो ती टाळेबंदी. २००४ ला दार लीगनं लावलं, कारण मालकांना कॅप हवी होती. ती ३ कोटी ९० लाखांवर सुरू झाली. २०१२ लाही दार त्यांनीच लावलं.

हा शब्दाचा कीस नाही. माझे वडील लालबागला गिरणीत होते, चार साचे सांभाळायचे. १८ जानेवारी १९८२ चा संप होता, आणि तो आम्ही केला असं आम्ही ताठ मानेनं सांगतो. अडीच लाख माणसं बाहेर पडली. पुढे गिरण्या मालकांनी बंद ठेवल्या, तरी आजतागायत लोक म्हणतात "संपानं गिरण्या गेल्या". भोंगा थांबल्यावरही वडील रात्री साडेअकराला डबा भरून ठेवायचे. आई सकाळी तोच डबा आम्हाला वाढायची. शब्द चुकला की दोष चुकीच्या माणसाच्या माथी बसतो.

थंडगार:
कोट्यधीशांची गिरणी कामगारांशी तुलना? काहीतरी वाटू द्या. मी एका कंपनीत ११ वर्षं घासली, मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर सात मिनिटांत काढलं. हातात सहा आठवड्यांचा पगार. पारिझे-सूटरला २०२८-२९ पर्यंत घरबसल्या दोन तृतीयांश पगार!

तिसरीपाळी:
तुलना पैशांची केलेली नाही. तुम्हाला सहा आठवडे मिळाले ते पारिझेमुळे का? त्याच्यामागे युनियन होती, म्हणून त्याच्या करारात बायआउटची रक्कम लिहिलेली होती. तुमच्या करारात काय लिहिलं होतं?

थंडगार:
माझ्या नोकरीवर घसरू नका.

तिसरीपाळी:
नोकरी तुम्हीच काढलीत. ज्यांनी काढलं त्यांच्यावर चिडा की, ज्याला मिळालं त्याच्यावर कसले चिडता?

पहाटेचीरिंक:
दोघंही आवरा. तुमच्या नोकरीचं ऐकून खरंच वाईट वाटलं, थंडगार. पण त्यांचेही प्रत्येकी १ कोटी डॉलर उरले होते, बायआउटमध्ये ६६ लाखच मिळणार, तेही ८ वर्षांत तुकड्यातुकड्यानं.

निळीरेष:
मूळ विषयावर या. लांब करार वाईटच. कोवालचुक आठवा. न्यू जर्सी डेव्हिल्सनं २०१० ला १७ वर्षांचे १० कोटी २० लाख दिले. लीगनं तो करार फेटाळला, लवादानंही लीगचीच बाजू घेतली. मग १५ वर्षांचा केला, आणि २०१३ ला हे महाशय रशियात परत.

सेंटपॉलकर:
छान आठवलंत! जाताना त्यानं ७ कोटी ७० लाखांवर पाणी सोडलं. हावरट माणूस असं करतो? आणि डेव्हिल्सना रिकॅप्चर बसला वर्षाला फक्त अडीच लाख. व्हँकुव्हर कॅनक्सना मात्र त्यांचा जुना गोलकीपर लुओंगो निवृत्त झाल्यावर तीन वर्षं ३० लाखांच्या वर भरावे लागले. तोही १२ वर्षांचा शेपूटवालाच करार. खेळाडू कधी निवृत्त होतो त्यावर क्लबचा दंड ठरतो. ही भीती होती म्हणूनच आपले मॅनेजर गेरिन यांनी पारिझे-सूटरचं बायआउट केलं.

निळीरेष:
बरं. शेपटाचं गणित मी नीट पाहिलं नव्हतं, तेवढं मान्य. "लुटलं" हा शब्द मागे घेतो. पण काप्रिझोव्हचा करार संपेल तेव्हा तो ३७ चा असेल, वर्षाला १ कोटी ७० लाख. ते कुठून काढणार?

सेंटपॉलकर:
त्याचा करार सुरू होईल तेव्हा कॅप १० कोटी ४० लाख असेल, पुढच्या वर्षी ११ कोटी ३५ लाख. शेवटी नावापुरता पगार ठेवायची सोयही आता नाही. शेवटची दोन वर्षं जड जातील, हे मला दिसतंय. पण तो उघड्या डोळ्यांनी केलेला सौदा आहे. आणि सप्टेंबर २०२६ पासून ८ ची मर्यादा ७ वर येतेय, त्यामुळे असा करार पुन्हा कुणाला मिळणार नाही.

निळीरेष:
२०३३ ला विचारेन.

तिसरीपाळी:
थंडगार, तुमच्या वरच्या प्रतिसादात 'संप' अजून तसाच आहे. तेवढा बदला.