मदत हवी आहे: लाकडी खाणकामगाराची टोपी कशी असावी?

मंडळी, मी जर्मनीत केम्नित्सला राहते. जुन्या बाजारात एर्त्सगेबिर्ग डोंगराळ भागातला एक लाकडी खाणकामगार मिळाला. दोन्ही हातांत मेणबत्त्या, मागे कमरेला चामडं, पण टोपी गायब. डोक्यावर वाळलेल्या सरसाचा गोल डाग तेवढा आहे. इकडे नाताळाआधी घरात जितके मुलगे तितके खाणकामगार आणि जितक्या मुली तितक्या देवदूत-बाहुल्या खिडकीत ठेवतात. आमचे चिरंजीव एकच, म्हणजे हा एकच गडी, आणि तोही बोडका!

टोपी करून देणारा कातारी सापडलाय, तो आकार विचारतोय. शेजारच्या आजोबांच्या मते उंच नळकांड्यासारखी, तुरा लावलेली. त्यांच्या सूनबाई म्हणतात बुटकी. मला पडलेला प्रश्न असा, की अरुंद बोगद्यात उंच टोपी घालून माणूस शिरेल तरी कसा? इथे फ्रायबर्गच्या खाणकाम विद्यापीठात शिकलेले काही जण आहेत, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद १
ताई, दोघंही बरोबर. कामाची टोपी वेगळी, खाणकामगारांच्या पारंपरिक मिरवणुकीची वेगळी. कामाची म्हणजे जाड, कडक फेल्टची (दाबून घट्ट केलेल्या लोकरीची), बिनकाठाची, बेताच्या उंचीची. काही ठिकाणी आत शेवाळ भरत. त्याआधी तर साधी कुंची असायची. आग्रिकोलाच्या खाणकामावरच्या १५५६ सालच्या ग्रंथातली लाकडी ठशांची चित्रं पाहा, त्यात बरीच माणसं कुंचीतच दिसतील. (हा आग्रिकोला तुमच्याच केम्नित्सचा नगराध्यक्ष होता.)

मेणबत्तीवाल्या बाहुल्यांचा पोशाख मात्र मिरवणुकीचा असतो. उंच टोपी, पुढे एकमेकांवर फुलीसारखे ठेवलेले हातोडा आणि दांड्याची छिन्नी, वर तुरा. तुमच्या बाहुलीला हीच शोभेल. रंग काळा किंवा गडद हिरवा.

प्रतिसाद २
चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत नोकरी झाली, म्हणून टोपीच्या कामाबद्दल थोडं. पडणारा दगड टाळूवर थेट बसू नये, मध्ये काहीतरी दबणारं हवं, हे सूत्र जुनंच. आमच्या हेल्मेटमध्येही टरफल डोक्याला टेकत नाही. आतल्या पट्ट्यांवर ते अधांतरी बसतं आणि धक्का त्या पट्ट्या खातात. फेल्टच्या टोपीने छोटा खडा किंवा छताला लागलेली टक्कर सोसली असेल. मोठा दगड आला तर टोपीचा उपयोग नाही, हेल्मेटचाही फारसा नाही.

दिवा टोपीवर रंगवू नका. फ्रायबर्गकडे लाकडी पेटीतला दिवा छातीवर अडकवायचे. टोपीवरचे दिवे फार नंतरचे.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचे खूप आभार. उंच टोपीच करून घेते. मग मागचं ते चामडं कशासाठी? कोणी म्हणालं शोभेचं.

प्रतिसाद १
शोभेचं नाही हो, ओल्या दगडावर बसायला आणि उतारावरून घसरत जायला. आता मिरवणुकीतही तेच बांधतात. चौथ्या अॅडव्हेंटच्या रविवारी (म्हणजे नाताळाआधीच्या शेवटच्या रविवारी) आनाबर्ग-बुखहोल्त्स गावच्या मिरवणुकीला जाऊन या. शेकडो टोप्या जवळून दिसतील, आणि हुद्द्याप्रमाणे पोशाख कसा बदलतो तेही. कातारीबुवांनाही न्या.

प्रतिसाद ३
जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करते, म्हणून एक सूचना. चिकटवायला सरसच वापरा. गरम पाण्याने तो सुटतो, त्यामुळे पुढे कधी मूळ टोपी मिळाली तर बदलता येईल. डागाचा व्यास मोजून तेवढाच टोपीचा तळ ठेवा. आणि तुऱ्यासाठी वर बारीक भोक आधीच पाडून घ्या, रंग दिल्यावर पाडलंत तर कडा उडतील.

मूळ प्रश्नकर्ती
व्यास सव्वादोन सेंटिमीटर. कातारीबुवांना आजच कळवते.