नॅटला एअरब्रेक कुठे बसवू?

जुळे_सोलापूर: मंडळी, जुन्या कॉम्बॅट सिम्युलेटरसाठी आपलं 1971 चं फॉलंड नॅट लढाऊ विमान बनवतोय. बॉडी झाली, रंग झाला. पण एअरब्रेक, म्हणजे हवेत वेग कमी करायच्या झडपा, कुठल्याच फोटोत सापडेना. शेपटीजवळ टाकू का? सध्या पाकिस्तानचं साबर विमान वळलं की माझं नॅट नाकासमोर निघून जातंय ओ.

होटगी_रोडवाला: शेपटीजवळ काही टाकू नको बे! नॅटला वेगळे एअरब्रेक नव्हतेच. चाकं अर्धवट खाली सोडायची, त्यांचे दरवाजेच हवा अडवायचे. म्हणजे गियरला तीन स्थिती दे: वर, अर्धं, पूर्ण खाली. अर्ध्या स्थितीत ड्रॅग वाढव. चाकं खाली आली की दोन्ही एलेरॉनही (पंखांमागच्या हलत्या पट्ट्या) खाली झुकून फ्लॅपचं, म्हणजे उतरताना उचल वाढवायचं, काम करायचे, तेही घाल. नुसता रंग मारून विमान खरं होत नाही, राव.

जुळे_सोलापूर: आयला, भारीच! आणि तोफा?

निवृत्त_काका: बाळा, 30 मिमीच्या दोन एडन तोफा, हवा घेणाऱ्या तोंडांच्या दोन्ही बाजूंना. प्रत्येकीला 115 गोळे. ट्रिगर दाबून धरलास तर पाच-सहा सेकंदांत खेळ खलास, म्हणून अमर्याद दारूगोळा आधी काढ. हिटबॉक्सही (गोळा लागला की नाही हे ठरवणारी गेममधली चौकट) तपास. नॅटचे पंख टोकापासून टोकापर्यंत पावणेसात मीटरच्या आसपास, साबरचे अकराच्या वर. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळ बॉयराला 22 नोव्हेंबर 1971 ला याच चिमुकल्यांनी साबर पाडली. जादा इंधन जाळून जोर वाढवणारा आफ्टरबर्नर मात्र देऊ नकोस, इंजिनाला नव्हताच.

जुळे_सोलापूर: काढतो काका. लाइट आली की गियरपासून सुरू.