ग्रोटनची ‘नॉटिलस’ पाणबुडी: मुलाला दाखवायला न्यावं का?

मीनल_एडिसन
न्यू जर्सीत राहतो. लेक आठवीत, आणि सध्या घरात अणुपाणबुडीशिवाय विषय नाही. जगातली पहिली अणुपाणबुडी ‘नॉटिलस’ कनेक्टिकटमधल्या ग्रोटनला बघता येते म्हणे. एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का? सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात.

दर्यावर्दी
जाच. तिकीट नाही. वेळा मात्र आधी बघून घ्या. पाणबुडीत जिना उतरावा लागतो आणि वाट चिंचोळी आहे, तेव्हा सासूबाईंना संग्रहालयाच्या इमारतीत थांबू दे. तिथे चालते पेरिस्कोप आहेत, वेळ छान जातो.

एक आधीच सांगून ठेवा: फक्त पुढचा भाग दाखवतात. टॉर्पेडोची खोली, बंक, खानावळ, नियंत्रण कक्ष. अणुभट्टी आणि इंजिनाकडे जाऊ देत नाहीत. नाहीतर पोरगं तिथेच फुरंगटून बसेल.

जुनी_वही
जाण्याआधी त्याला विचारा, डिझेल पाणबुडीला वर का यावं लागायचं? इंजिनाला हवा लागते, पाण्याखाली सगळी भिस्त बॅटरीवर, आणि ती उतरली की आलं वर. नॉटिलसच्या भट्टीला हवा लागतच नाही. उष्णतेने वाफ, वाफेवर टर्बाइन. १७ जानेवारी १९५५ ला ती पहिल्यांदा अणुशक्तीवर निघाली. त्याच वर्षी न्यू लंडन (कनेक्टिकट) ते सान हुआन (पोर्तो रिको) हे १,३८१ मैल तिने ९० तासांच्या आत, पाण्याखालूनच कापले. हे डोक्यात असलं की त्या अरुंद बोळाला अर्थ येतो.

आणि ध्रुवाची गोष्ट सांगाच! सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेला काहीतरी करून दाखवायचं होतं. जून १९५८ मध्ये बर्फाने वाट अडवली, म्हणून परत फिरले. ३ ऑगस्टला ११६ माणसांसह उत्तर ध्रुवाखालून पार. त्याआधी कंडेन्सर, म्हणजे वाफेचं परत पाणी करणारा भाग, गळत होता. यावर उपाय काय, तर गाडीच्या रेडिएटरची गळती बुजवायचं औषध! सिअ‍ॅटलमध्ये खलाशांनी साध्या कपड्यांत पेट्रोल पंपांवरून ते गोळा केलं. मोहीम गुप्त होती ना.

खवचट_खलाशी
कौतुक ठीक आहे, पण लढाऊ पाणबुडी म्हणून ती फार गोंगाटी होती. वेग वाढला की स्वतःच्याच आवाजात तिच्या सोनारला (आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्रणेला) काही ऐकू येईना. अल्बाकोर या प्रायोगिक पाणबुडीवर पारखलेला थेंबासारखा आकार आणि अणुभट्टी यांची जोड १९५९ च्या स्किपजॅक पाणबुडीत जमली. मुलाला खरंच रस असेल तर तिथपर्यंत वाचू द्या, नॉटिलसपाशी थांबू नका.

विशाखाकर
भारतात आलात तर विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडीही दाखवा. डिझेलवाली आहे, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. आपल्या दोन्ही ‘चक्र’ अणुपाणबुड्या भाड्याच्या. पहिली सोव्हिएत संघाकडून, १९८८ ते ९१; दुसरी रशियाकडून, २०१२ ते २१. दोन्ही परत गेल्या, त्यामुळे बघायला काही उरलं नाही.

मीनल_एडिसन
सगळ्यांचे आभार, जातोय. लेकाचा प्रश्न: एकदा भरलेलं इंधन किती पुरायचं?

जुनी_वही
पहिलं इंधन दोनेक वर्षं पुरलं, ६२,००० मैलांहून जास्त. १९५७ मध्ये बदललं. पुढच्या पाणबुड्यांत हा काळ वाढतच गेला. अमेरिकेच्या आताच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुडीत तर आयुष्यभराचं इंधन बांधतानाच भरतात.